छाया आणि देह : एकोणिसाव्या शतकातील समाजसुधारणा आणि व्यक्तिछायाचित्रांची विक्री

समाजसुधारणेच्या चळवळींचा इतिहास लिहिताना विचार, व्यक्ती आणि संस्था यांच्याकडे अभ्यासकांचे जितके लक्ष जाते, तितके त्या चळवळींच्या जमाखर्चाकडे जात नाही. वास्तविक व्याख्यात्याचा प्रवासखर्च, सभागृहाचे भाडे, वृत्तपत्राचा कागद, शाळेतील शिक्षकाचा पगार या सर्व गोष्टी पैशावाचून होत नाहीत. आणि ज्या चळवळीला राजाश्रय नाही, जिचे कैवारी बहुधा सामान्य स्थितीतील लोक आहेत, तिला हा पैसा थोड्याथोड्या रकमेने, अनेकांच्या खिशांतून गोळा करावा लागतो. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वर्गणी, पुस्तिकांची विक्री आणि स्त्रियांनी भरविलेल्या वस्तूंच्या जत्रा ही त्याची रूढ साधने होती. शतकाच्या सातव्या दशकात त्यांत एका नव्या साधनाची भर पडली. ते म्हणजे व्यक्तीचे छायाचित्र.

छायाचित्र विकून निधी उभारण्याची ही पद्धत अमेरिकेतील दास्यविमोचनाच्या चळवळीत आणि इंग्लंडमधील अनाथ मुलांच्या कार्यात विशेष ठळकपणे दिसते. तिच्याकडे केवळ प्रचाराचा एक प्रकार म्हणून पाहिल्यास तिच्यातील खरा प्रश्न नजरेआड होतो. चित्रात कोण दिसतो, ते कोण विकतो आणि आलेला पैसा कोणाच्या हाती पडतो, या तीन गोष्टी प्रत्येक वेळी सारख्या नव्हत्या; आणि त्या जसजशा बदलल्या, तसतसे चित्राचे स्वरूपही बदलले. स्वतःचे चित्र स्वतः विकणारी व्यक्ती कॅमेऱ्यापुढे एका रीतीने बसते. दुसऱ्याच्या कार्यासाठी जिचे चित्र विकले जावयाचे, ती व्यक्ती निराळ्या रीतीने बसविली जाते. हा भेद पुढील उदाहरणांवरून स्पष्ट होईल.

१

प्रथम या साधनाचे तांत्रिक स्वरूप लक्षात घेतले पाहिजे. १८३९ साली पॅरिसमध्ये जाहीर झालेली डागेरोटाइपची पद्धत चित्र हुबेहूब देत असे, परंतु ते एकुलते एक असे. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर उमटलेल्या त्या चित्रावरून दुसरी प्रत काढता येत नसे. ते घरातील पेटीत जपून ठेवण्याचे चित्र होते, बाजारात विकण्याचे नव्हते. पुढे काचेवर निगेटिव्ह तयार करण्याची पद्धत आली आणि अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेल्या कागदावर उन्हाच्या साहाय्याने हव्या तितक्या प्रती काढता येऊ लागल्या. १८५४ साली डिस्डेरी या पॅरिसमधील छायाचित्रकाराने एकाच काचेवर अनेक लहान चित्रे घेण्याच्या युक्तीचे एकस्व मिळविले. ही लहान चित्रे कापून सुमारे अडीच इंच रुंद आणि चार इंच उंच अशा जाड कार्डावर चिकटविली जात. आकार भेटकार्डाचा, म्हणून त्यांना फ्रेंचमध्ये ‘कार्त द व्हिजीत’ हे नाव पडले.

१८६० साली मेयॉल या छायाचित्रकाराने राणी व्हिक्टोरिया आणि तिचे कुटुंबीय यांची अशी कार्डे प्रसिद्ध केली आणि इंग्लंडमध्ये त्यांची एकच लाट उसळली. अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले तेव्हा, म्हणजे १८६१ साली, तेथेही हे वेड पोहोचलेले होते. रणांगणावर जाणारा शिपाई आपले कार्ड घरी ठेवून जाई. घरोघरी कार्डे लावण्याचे अल्बम आले. सेनापती, धर्मोपदेशक, नट, लेखक यांची कार्डे दुकानांतून विकत मिळू लागली. कार्ड हलके होते, स्वस्त होते आणि पाकिटात घालून टपालाने पाठविता येत होते. सुधारकांना हा बाजार निर्माण करावा लागला नाही, तो त्यांना आयता मिळाला. प्रश्न एवढाच होता की, त्या बाजारात कोणती प्रतिमा घेऊन उतरावयाचे.

प्रतिमा विकून किंवा वाटून लोकमत तयार करण्याची कल्पना नवी नव्हती. १७८७ साली इंग्लंडमध्ये जोसाया वेजवुड यांच्या कारखान्यात साखळदंडांनी जखडलेल्या, गुडघे टेकून हात जोडणाऱ्या गुलामाचे पदक तयार झाले होते आणि ते अनेक वर्षे दास्यविमोचनाच्या चळवळीचे चिन्ह होऊन राहिले. पण त्या पदकावरील मनुष्याला नाव नव्हते. तो एक नमुना होता आणि त्याची मुद्रा याचकाची होती. छायाचित्राने हे सारे बदलण्याची शक्यता निर्माण केली, कारण छायाचित्र नमुन्याचे काढता येत नाही. ते कोणत्या तरी एका, जिवंत, नाव असलेल्या माणसाचेच असते. गुलामगिरीतून निसटून आलेले आणि पुढे थोर वक्ते व संपादक म्हणून गाजलेले फ्रेडरिक डग्लस यांनी ही गोष्ट फार लवकर ओळखली. गोरे चित्रकार कृष्णवर्णीयांचे चेहरे विकृत केल्यावाचून रेखाटू शकत नाहीत, अशी त्यांची तक्रार १८४९ सालीच होती. १८६१ मध्ये बॉस्टन येथे त्यांनी चित्रे आणि समाजाची प्रगती या विषयावर व्याख्यान दिले. त्यांची आज सुमारे १६० निरनिराळी छायाचित्रे ज्ञात आहेत, आणि एकोणिसाव्या शतकात सर्वाधिक छायाचित्रे काढली गेलेली अमेरिकन व्यक्ती म्हणून त्यांचा उल्लेख होतो. तथापि डग्लस यांच्या हाती वृत्तपत्र होते, लेखणी होती. जिला लिहितावाचता येत नव्हते, अशा एका स्त्रीने छायाचित्राचा जो उपयोग केला, तो निधिसंकलनाच्या इतिहासात अधिक महत्त्वाचा आहे.

२

ही स्त्री म्हणजे सोजर्नर ट्रूथ. न्यूयॉर्क राज्यातील अल्स्टर परगण्यात सुमारे १७९७ साली गुलामीतच त्यांचा जन्म झाला. त्यांचे मूळ नाव इझाबेला, आणि मालकाच्या घरची भाषा डच असल्यामुळे त्यांची बालपणीची भाषाही डचच होती. मालकाच्या मृत्यूनंतर त्याच्या मालमत्तेची विक्री झाली, तेव्हा सुमारे नऊ वर्षांची ही मुलगी मेंढरांच्या एका कळपासह शंभर डॉलरांना विकली गेली. त्यानंतर आणखी दोनदा तिचे मालक बदलले. न्यूयॉर्क राज्यात गुलामगिरीचा पूर्ण अंत १८२७ साली व्हावयाचा होता. तथापि मालकाने आधी सोडण्याचे दिलेले वचन मोडले, म्हणून १८२६ च्या अखेरीस इझाबेला तान्ह्या मुलीला घेऊन त्याच्या घरातून निघून गेल्या. त्यांचा मुलगा कायदा मोडून दक्षिणेत अलाबामात विकला गेला होता. न्यायालयात दाद मागून १८२८ साली त्यांनी त्याला परत मिळविले. १८४३ साली त्यांनी ‘सोजर्नर ट्रूथ’, म्हणजे सत्याची यात्रेकरू, हे नाव स्वतः धारण केले आणि गावोगाव हिंडून उपदेश करण्यास प्रारंभ केला.

१८५० साली त्यांचे आत्मकथन प्रसिद्ध झाले. ते त्यांनी सांगितले आणि ऑलिव्ह गिल्बर्ट यांनी लिहून घेतले. पुस्तकाची छपाई उधारीवर झाली होती. ती उधारी आणि त्याच साली मॅसॅच्युसेट्समध्ये घेतलेल्या घराचे कर्ज फेडण्यासाठी त्या सभांतून स्वतः पुस्तके विकीत. व्याख्यान संपल्यावर श्रोत्यांपुढे विकण्यासारखी एखादी वस्तू असली पाहिजे, हा धडा त्या येथेच शिकल्या. परंतु पुस्तक जड, छपाईला महाग आणि वाचणाऱ्यालाच उपयोगी. १८५७ मध्ये त्या मिशिगन राज्यातील बॅटल क्रीकच्या परिसरात राहावयास गेल्या. युद्धकाळात वय साठीच्या पुढे गेलेले, प्रकृती ढासळलेली आणि उत्पन्नाचे निश्चित साधन नाही, अशी त्यांची स्थिती होती. एप्रिल १८६३ मध्ये हॅरिएट बीचर स्टो यांनी ‘अटलांटिक मंथली’त त्यांच्यावर लेख लिहिला आणि त्यांचे नाव सर्वदूर झाले. मात्र त्या लेखातील त्यांचे चित्र बरेचसे स्टो यांच्या कल्पनेतले होते. दूरच्या आफ्रिकेतील एखाद्या गूढ भविष्यवादिनीसारखे त्यांचे रूप त्यात रंगविले होते. दुसऱ्याने निर्माण केलेल्या कीर्तीचा लाभ आपल्याला व्हावा आणि रूप मात्र आपले असावे, या दोन्ही गरजा छायाचित्राने भागविल्या.

त्यांची पहिली कार्डे याच सुमारास निघाली. १८६४ साली त्यांनी डेट्रॉइट येथील स्टुडिओत नवी चित्रे काढून घेतली आणि पुढील कार्डांवर एक ओळ छापविली. देहाच्या पोषणासाठी मी छाया विकते, असा त्या ओळीचा आशय होता. खाली त्यांचे नाव होते. या ओळीचे मर्म समजण्यासाठी त्या काळच्या छायाचित्रकारांची जाहिरात ठाऊक असली पाहिजे. देह नाहीसा होण्यापूर्वी त्याची छाया पकडून ठेवा, अशा अर्थाचे वाक्य ते गिऱ्हाइकांना सांगत, आणि त्यामागे मृत्यूचे भय उभे असे. ट्रूथ यांनी तेच दोन शब्द घेऊन त्यांचा संबंध उलटा केला. त्यांची छाया देहाच्या पश्चात उरण्यासाठी नव्हती. देह जगावा म्हणून ती विकली जात होती. देह या शब्दात त्यांचे वृद्ध शरीर जसे येते, तसे ज्या कार्यासाठी ते शरीर झिजत होते ते कार्यही येते. मराठीत छायाचित्र हा शब्द इतका रुळला आहे की, त्यातील छाया कोणाच्या लक्षातही येत नाही. ट्रूथ यांच्या कार्डाने ती पुन्हा दृष्टीस आणून दिली.

कार्डाच्या मागील बाजूवर याहूनही महत्त्वाचा मजकूर होता. १८६४ साली सोजर्नर ट्रूथ यांनी मिशिगनच्या पूर्व विभागातील जिल्हा न्यायालयाच्या कचेरीत या चित्राच्या स्वामित्वहक्काची नोंद केली आहे, असे तेथे कायद्याच्या भाषेत छापलेले होते. छायाचित्रांना स्पष्ट शब्दांत संरक्षण देणारा अमेरिकन कायदा मार्च १८६५ मध्ये झाला, हे लक्षात घेतले म्हणजे या नोंदीचे वैशिष्ट्य कळते. शिवाय अशी नोंद सामान्यतः छायाचित्रकार किंवा प्रकाशक करीत असे. चित्रात बसलेल्या व्यक्तीने ती करणे ही फार विरळ गोष्ट होती. येथे ती करणारी व्यक्ती सही करण्यापुरतीही साक्षर नव्हती आणि एके काळी कायद्याने स्वतःच दुसऱ्याची मालमत्ता होती. पूर्वी दुसऱ्यांच्या फायद्यासाठी आपण विकले जात होतो, आता आपल्याच फायद्यासाठी आपण स्वतःला विकतो, अशा अर्थाचे त्यांचे उद्गार नमूद आहेत. कार्डाची किंमत सुमारे ३३ सेंट असे, मोठ्या आकाराच्या चित्राला अधिक पडत. मेंढरांसह आलेल्या शंभर डॉलरांतील एक सेंटही त्या मुलीला मिळालेला नव्हता. हे ३३ सेंट तिचे होते.

आता चित्राकडे पाहावे. डेट्रॉइटच्या प्रसिद्ध चित्रात त्या खुर्चीवर बसलेल्या आहेत. अंगावर गडद रंगाचा साधा, उत्तम शिवलेला पोशाख, खांद्यावर पांढरी शाल, डोक्यावर पांढरी टोपी, डोळ्यांना चष्मा. हातात विणकाम आहे, बाजूच्या मेजावर एक पुस्तक आणि फुले आहेत. साखळदंड नाहीत, अश्रू नाहीत, उघडे अंग नाही. नजर सरळ पाहणाऱ्याकडे आहे. प्रतिष्ठित, कामसू आणि विचारी अशा गृहस्थ स्त्रीची ही मुद्रा आहे. गुलामीत असताना त्यांच्या उजव्या हाताला कायमचे व्यंग आले होते. ती इजा दाखवून करुणा मिळविता आली असती. पण चित्रांत तो हात विणकामाच्या सुताने किंवा बैठकीच्या ढबीने असा ठेवला आहे की, ते व्यंग सहसा नजरेत भरत नाही. १८६३ च्या एका चित्रात त्यांच्या मांडीवर एक उघडी चौकट आहे आणि तीत त्यांच्या नातवाचे चित्र आहे. हा नातू कृष्णवर्णीय शिपायांच्या ५४ व्या मॅसॅच्युसेट्स पलटणीत होता आणि त्याच साली शत्रूच्या हाती सापडला होता. आपले दुःखही त्यांनी शिपायाच्या आजीच्या मानाने मांडले.

मिळालेल्या पैशाने त्यांचा निर्वाह आणि प्रवास चाले. ऑक्टोबर १८६४ मध्ये त्या वॉशिंग्टनला जाऊन अध्यक्ष लिंकन यांना भेटल्या आणि त्यानंतर तेथील मुक्त झालेल्या गुलामांच्या वसाहतींत त्यांनी काम केले. टपालाने मदत पाठविणाऱ्यास त्या उलट टपालाने कार्ड पाठवीत. अशा रीतीने देणगी आणि खरेदी यांतील अंतर त्यांनी कमी केले. पैसे देणारा दाता राहिला नाही, ग्राहक झाला. आणि घेणारी याचक राहिली नाही. १८८३ साली त्यांचा मृत्यू होईपर्यंत ही विक्री चालूच होती.

३

याच दोन वर्षांत निघालेली दुसऱ्या प्रकारची कार्डे शेजारी ठेवली म्हणजे फरक चटकन ध्यानी येतो. १८६३ च्या वसंतात लुईझियानातील एका मळ्यातून पळालेला एक गुलाम बॅटन रूज येथील उत्तरेच्या छावणीत आला. तो गॉर्डन आणि पीटर या दोन्ही नावांनी ओळखला जातो. वैद्यकीय तपासणीच्या वेळी चाबकाच्या वळांनी चाळण झालेली त्याची पाठ दिसली आणि मॅक्फर्सन व ऑलिव्हर या छायाचित्रकारांनी तिचे चित्र घेतले. ‘हार्पर्स वीकली’ने ४ जुलै १८६३ च्या अंकात त्यावरून केलेले कोरीव चित्र छापले आणि कार्डांच्या रूपाने ते उत्तरेत सर्वत्र पसरले. गुलामांना दयेने वागविले जाते, हा मळेवाल्यांचा दावा या एका चित्राने जितका खोडून काढला तितका शेकडो व्याख्यानांनी क्वचितच काढला असेल. परंतु या चित्रात तो मनुष्य पाठमोरा आहे. त्याचा चेहरा एका बाजूने अर्धवट दिसतो, आणि पाहणाऱ्याची दृष्टी पाठीवरून हलत नाही. पुरावा म्हणून ते अमोल आहे. पण त्या पुराव्याचा तो धनी नाही. त्याचे नाव कोणते, यावरही एकमत नसावे, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

निधिसंकलनाच्या दृष्टीने यापेक्षाही हिशेबी प्रयोग १८६३ च्या अखेरीस झाला. न्यू ऑर्लिन्स शहर उत्तरेच्या ताब्यात आल्यावर मुक्त गुलामांसाठी तेथे शाळा सुरू झाल्या होत्या. त्यांना पैसा हवा होता. म्हणून पाच मुले आणि तीन प्रौढ अशा आठ मुक्त व्यक्तींना उत्तरेत आणण्यात आले. न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फिया येथे त्यांची छायाचित्रे काढली गेली आणि ३० जानेवारी १८६४ च्या ‘हार्पर्स वीकली’त त्यांचे समूहचित्र व प्रत्येकाची थोडक्यात माहिती प्रसिद्ध झाली. कार्डाच्या पाठीवर छापलेले असे की, विक्रीचे निव्वळ उत्पन्न त्या लष्करी विभागातील कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी खर्च केले जाईल. त्याच वर्षीच्या सप्टेंबरपासून अशा चित्रांवर सरकारी कराचे तिकीट लावणे आवश्यक झाले आणि ऑगस्ट १८६६ पर्यंत ते चालू राहिले. त्या तिकिटांवरून आज अनेक कार्डांचा काळ ठरविता येतो.

आठांपैकी चार मुले दिसावयास पूर्णपणे गोरी होती. आईकडून आलेल्या दास्याच्या कायद्याने ती गुलाम ठरली होती. कार्डे अधिकाधिक काढली गेली ती याच मुलांची. कोठे ती सुंदर झगे घालून उभी आहेत, कोठे राष्ट्रध्वज अंगाभोवती लपेटून, तर कोठे हातात पुस्तक धरून. कपाळावर मालकाच्या नावाची आद्याक्षरे डागलेला विल्सन चिन हा वृद्ध मात्र काही चित्रांत साखळ्या आणि छळाची साधने यांसह दाखविला आहे. या निवडीमागील विचार उघड आहे. उत्तरेतील गोऱ्या आईबापांना आपल्या मुलांसारखी दिसणारी मुले गुलाम म्हणून विकली जात होती हे दाखवावे, म्हणजे त्यांचे हृदय द्रवेल. हृदय द्रवले, शाळांना पैसाही मिळाला. फिलाडेल्फियातील एका हॉटेलने मात्र ही मुले कृष्णवर्णीय ठरतात म्हणून त्यांना बाहेर काढले, आणि ती बातमीही प्रचाराच्या उपयोगी पडली. परंतु या युक्तीच्या पोटात एक कबुली होती. काळ्या मुलाचे दास्य तितके हृदयद्रावक नाही, असे ती न बोलता मान्य करीत होती. ज्या शाळांसाठी पैसा जमत होता त्यांतील बहुसंख्य विद्यार्थी चित्रांतील त्या चार मुलांसारखे दिसत नव्हते.

येथे विक्रेता संस्था होती, विषय मूल होते आणि ग्राहक दूरचा अनोळखी गृहस्थ होता. मुलाला काय दाखवावयाचे हे ठरविण्याचा अधिकार नव्हता, आणि त्या पैशावर त्याचा हक्कही नव्हता. म्हणून चित्राची मांडणी ग्राहकाच्या मनाच्या कलाने झाली.

४

हीच प्रवृत्ती दुसऱ्या देशात आणि दुसऱ्या कार्यात किती दूर जाऊ शकते, याचे उदाहरण लंडनमध्ये सापडते. थॉमस बार्नार्डो यांनी १८७० साली स्टेपनी येथे निराधार मुलांसाठी वसतिगृह काढले. १८७४ पासून त्यांनी संस्थेतच छायाचित्रणाची व्यवस्था केली. प्रत्येक मुलाची नोंद ठेवणे हा तिचा एक उद्देश होता. दुसरा उद्देश विक्रीचा होता. एकाच मुलाची दोन कार्डे निघत. पहिल्यात तो फाटक्या कपड्यांत, मळकट आणि भुकेला असे. दुसऱ्यात स्वच्छ, धंद्याला लागलेला. वीस कार्डांचा संच पाच शिलिंगांना आणि सुटे कार्ड सहा पेन्सांना मिळे. या जोडचित्रांतील युक्तिवाद अगदी सरळ होता. पहिल्या आणि दुसऱ्या चित्रांमधील अंतर ग्राहकाच्या पैशाने कापले जाते, असे तो सांगत होता.

दोष असा की, ही दोन चित्रे पुष्कळदा एकाच दिवशी काढली जात. मुलांचे कपडे मुद्दाम फाडले जातात, जी मुले कधी रस्त्यावर नव्हती त्यांना रस्त्यावरची म्हणून दाखविले जाते, असे आरोप झाले आणि १८७७ साली बार्नार्डो यांच्या कारभाराची लवादापुढे चौकशी झाली. हे चित्र अमुक एका मुलाचे नसून त्या वर्गातील सर्व मुलांच्या स्थितीचे प्रतिनिधी आहे, असे त्यांचे समर्थन होते. लवादाने संस्थेच्या कार्यावरील मुख्य आरोपांतून त्यांना मुक्त केले, परंतु अशी कलात्मक कल्पनाचित्रे खरी म्हणून विकणे नीतीला धरून नाही, असा स्पष्ट अभिप्राय दिला. त्यानंतर रचलेली जोडचित्रे बंद झाली. नोंदीची छायाचित्रे मात्र चालूच राहिली आणि १९०५ साली बार्नार्डो यांचा मृत्यू होईपर्यंत त्यांची संख्या ५५,००० च्या वर गेली.

बार्नार्डो यांच्या समर्थनाचा विचार केला तर त्यात या साऱ्या प्रश्नाचे मूळ सापडते. छायाचित्राने पदकावरील निनावी नमुन्याच्या जागी खरा मनुष्य आणला होता. बार्नार्डो यांनी त्या खऱ्या मुलाला पुन्हा नमुना केले. गरज जितकी मोठी दिसेल तितका निधी मोठा, हे गणित एकदा मान्य झाले की, चित्रातील व्यक्तीने आपल्या गरजेपेक्षा अधिक काही असणे संस्थेला गैरसोयीचे होते.

५

याचा अर्थ ट्रूथ यांची पद्धत निर्दोष आणि संस्थांची सदोष, इतके सोपे अनुमान काढावे असा नाही. ट्रूथ यांनाही बाजाराची बंधने होती. त्यांचे ग्राहक बहुतांशी उत्तरेतील सुस्थित गोरे लोक होते, आणि चष्मा, पुस्तक, फुले ही त्या ग्राहकांच्या दिवाणखान्यातील सभ्यतेचीच चिन्हे होती. व्यंग झाकण्यातही त्या अभिरुचीचा दाब असू शकतो. शिवाय एका वृद्धेचा निर्वाह चालविणे आणि शेकडो मुलांच्या शाळा चालविणे या एका मापाच्या गोष्टी नव्हेत. लहान मुले आपल्या चित्राचे स्वामित्व घेऊ शकत नाहीत. त्यांच्या वतीने कोणीतरी मागावेच लागते. पाठीवरील वळांचे चित्र प्रसिद्ध झाले नसते तर सत्याची हानीच झाली असती. तेव्हा दुःख दाखवावे की दाखवू नये, हा खरा वाद नाही. दाखविण्याचा अधिकार कोणाचा, आणि त्या अधिकाराबरोबर पैसा कोणाकडे जातो, हा आहे.

हा प्रश्न त्या शतकाबरोबर संपला नाही. १८५० साली वंशभेदाचा सिद्धांत मांडणाऱ्या लुई आगासी या प्राध्यापकासाठी दक्षिण कॅरोलिनात सात गुलामांची डागेरोटाइप चित्रे काढण्यात आली. त्यांना विवस्त्र किंवा अर्धविवस्त्र उभे केलेले होते. १९७६ साली ही चित्रे हार्वर्ड विद्यापीठाच्या संग्रहालयात सापडली. त्यांतील एका गुलामाच्या वंशज असल्याचे सांगणाऱ्या स्त्रीने २०१९ साली त्यांवर दावा लावला. चित्रातील व्यक्तीला केवळ त्यात दिसण्यामुळे चित्राचे स्वामित्व मिळत नाही, असे न्यायालयांनी म्हटले; तथापि विद्यापीठाच्या वर्तनाने झालेल्या मनस्तापाबद्दलचा दावा चालविण्यास २०२२ साली परवानगी मिळाली. २०२५ मध्ये झालेल्या तडजोडीनुसार ती चित्रे दक्षिण कॅरोलिनातील आफ्रिकन अमेरिकन इतिहासाच्या संग्रहालयाकडे सोपविण्याचे ठरले. आगासीची चित्रे निधीसाठी नव्हती, परंतु १८६४ साली ट्रूथ यांनी जिल्हा न्यायालयाच्या कचेरीत केलेली नोंद किती दूरदृष्टीची होती, हे त्यांच्या इतिहासावरून कळते. जो हक्क कायदा आपण होऊन देत नव्हता, तो त्यांनी कायद्याच्याच वाटेने मिळविला होता.

महाराष्ट्रातील सुधारणेच्या अभ्यासकाला हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील ज्या सज्जनांना अर्पण केले, तेच लोक ही कार्डे काढणारे, विकणारे आणि विकत घेणारे होते. पुढे आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी १८८६ साली पंडिता रमाबाई फिलाडेल्फियाला गेल्या, तेव्हा व्याख्यान, पुस्तकविक्री आणि वर्गणी यांची जी यंत्रणा दास्यविमोचनाच्या पिढीने घडविली होती, तिच्याच वाटेने त्यांनाही जावे लागले. १८८७ साली त्यांचे उच्चवर्णीय हिंदू स्त्रीविषयीचे इंग्रजी पुस्तक निघाले, त्याच वर्षाच्या डिसेंबरात बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशनची स्थापना झाली, दहा वर्षे साहाय्य देण्याचे तिने मान्य केले, आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. रमाबाई स्वतः बोलत होत्या, स्वतः लिहीत होत्या आणि आपले पुस्तक विकीत होत्या. या अर्थी त्यांचे स्थान ट्रूथ यांच्या शेजारी आहे. परंतु ज्या विधवांसाठी त्या मागत होत्या, त्या सभेत नव्हत्या, आणि त्यांच्या दुःखाचे चित्र समुद्रापलीकडच्या दात्याला पटेल अशा रीतीने मांडणे रमाबाईंना भाग होते. ट्रूथ आणि बार्नार्डो या दोघांच्याही अडचणी त्यांच्या वाट्याला एकाच वेळी आल्या.

म्हणून सुधारणेच्या इतिहासातील कोणतेही जुने छायाचित्र हाती आले असता त्याची पुढील बाजू पाहून थांबता येत नाही. ते उलटून पाहावे लागते. मागे कोणाचे नाव छापले आहे, किंमत किती आहे, उत्पन्न कोणासाठी आहे आणि हक्क कोणाच्या नावे नोंदला आहे, हे वाचल्यावरच पुढील चेहऱ्याचा अर्थ लागतो. सोजर्नर ट्रूथ यांच्या कार्डावर दोन्ही बाजूंना एकच नाव आहे.